हजार सूर्य अन् रात्रीची लाईन

दिवाळीच्या आधी यवतमाळवरून पुतण्याचा फोन आला, तिथं पॉलिटेक्निकला आहे तो, आणि एकदम म्हणते कसा, "काका, तुमचं ते लिंकिन पार्क हाय ना, त्यात आता बाई गाते, माहित हाय का तुमाले?" जसं काही मी वावरात राहतो म्हणजे मले दुनियेचं काही समजतच नाही. अरे बाप्पा, २०२४ च्या नोव्हेंबरात त्या अमेरिकन रॉक बँडचा नवा अल्बम 'फ्रॉम झीरो' आला तेव्हा तूर फुलोऱ्यावर होती आणि मी पाठीवर फवाऱ्याचा पंप अन् कानात तेच घेऊन तासातून फिरत होतो. पण त्याला विचारायचं होतं ते वेगळंच. मोबाईलवर कुठंतरी लोकं भांडून राहिले होते की जुना गाणारा चेस्टर नाही तर बँड कायचा, हे खरं लिंकिन पार्क नाहीच, आणि त्याला माझ्याकडून निकाल पाहिजे होता, खरं की खोटं. मी म्हटलं दिवाळीत ये, सांगतो. नंतर विचार केला की आपण कोण निकाल देणारे, कारण असाच एक निकाल मी २०१० मध्ये दिला होता, छातीठोक, चारचौघात, आणि पुरता तोंडावर पडलो होतो. ते सगळं फोनवर सांगण्यासारखं नाही म्हणून इथं लिहून राहिलो.

तर २०१०. अमरावतीला इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष, हॉस्टेल, एका खोलीत तिघं. माझ्यासारखे पोट्टे गावावरून यायचे तेव्हा आमच्याकडे गाणी म्हणजे दोनच प्रकारची असायची, एक देवळातल्या भोंग्यावरची आणि एक लग्नाच्या धुमालवरची. इंग्रजी गाणं म्हणजे काय ते हॉस्टेलच्या लॅनवर कळलं. एका सीनियरनं शेअर केलेला फोल्डर होता, त्यात लिंकिन पार्कचे दोन अल्बम, 'हायब्रिड थिअरी' आणि 'मेटिओरा'. आता सांगायला लाज वाटत नाही, पहिले सहा महिने मला त्यातला एकही शब्द समजत नव्हता. पण समजायची गरजच काय होती. खालच्या सुरात लावलेली गिटार घरघर करत यायची, माइक शिनोडा भरभर बोलल्यासारखं रॅप करायचा, मग कडव्याच्या तोंडाशी येऊन चेस्टर बेनिंग्टन असा ओरडायचा की एटीकेटी लागलेल्या माणसाला आपलंच कोणीतरी ओरडून राहिलं असं वाटायचं. तीन-साडेतीन मिनिटांत गाणं खलास. 'हायब्रिड थिअरी' २००० साली आला, १२ गाणी आणि सगळी मिळून ३८ मिनिटं पण नाहीत. घुसला, हाणलं, निघाला, असा कारभार.

२००७ चा 'मिनिट्स टू मिडनाइट' थोडा मवाळ होता, रिक रुबिन नावाचा मोठा प्रोड्युसर आला आणि यांचा सूर बदलायला लागला असं सीनियर लोकं म्हणायचे, पण त्यात 'गिव्हन अप' होतं आणि 'गिव्हन अप'मध्ये चेस्टरची ती १७ सेकंदांची सलग किंकाळी होती, त्यामुळे आमचं सगळं माफ होतं. हॉस्टेलच्या गच्चीवर त्याची स्पर्धा चालायची. घड्याळ लावून. माझा रेकॉर्ड नऊ सेकंद, त्याच्यापुढे खोकला.

अशात कळलं की नवीन अल्बम येते. त्या साली पोळा ८ सप्टेंबरला होता, गणपती ११ ला बसले, आणि 'अ थाउजंड सन्स' बरोबर त्याच आठवड्यात आला. मी पोळ्याला गावी येऊन परत गेलो होतो, हातात आईनं दिलेल्या करंज्यांचा डबा, आणि खोलीत पाय ठेवल्या ठेवल्या पार्टनर म्हणे आला, पेनड्राइव्ह दे. विकत बिकत घेण्याचा प्रश्न नव्हता, ते पाप आमच्या अख्ख्या पिढीच्या माथ्यावर आहे, त्याबद्दल पुढं कधी. नोकियाचा एक्सप्रेस म्युझिक होता माझ्याकडे, त्याच्या मेमरी कार्डात अल्बम टाकला, इअरफोन घातले आणि गच्चीवर जाऊन बसलो.

इथं एक तांत्रिक गोष्ट सांगणं गरजेचं आहे, कारण सगळा घोटाळा तिथंच झाला. आमच्याकडे आलेल्या फाईलींना नंबर नव्हते. आणि फोन बिचारा गाणी लावायचा एबीसीडीप्रमाणं. म्हणजे बँडनं जे दोन-अडीच वर्षं डोकं लावून एकामागं एक रचलं होतं ते माझ्या फोननं शाळेच्या हजेरीपटासारखं लावून टाकलं. पहिलं लागलं 'ब्लॅकआउट', जे खरं म्हणजे नववं आहे. त्यात चेस्टर ओरडते, पण खाली गिटारच नाही, नुसता कीबोर्डचा हलका ठेका, आणि मग मध्येच त्याचा आवाज मिक्सरमध्ये घालून बारीक केल्यासारखा तुकडे तुकडे होऊन येते. मी म्हटलं फाईल खराब आहे. मग 'बर्निंग इन द स्काइज', गोड गाणं. मग 'एम्प्टी स्पेसेस' म्हणून १८ सेकंदांचं काहीतरी, सुरू व्हायच्या आत संपलं. मग 'फॉलआउट', त्यात कोणीतरी मशीनमधून बोलल्यासारखं. आणि अल्बमची खरी सुरुवात आहे ते 'द रेक्विएम' आलं अकराव्या नंबरवर, तोवर मी करंज्या संपवून खाली झोपायला गेलो होतो.

दुसऱ्या दिवशी मेसमध्ये मी निकाल दिला. संपला बँड. गिटार विकून खाल्ली यांनी. त्यात एक सीनियर होता, मेटॅलिका नावाच्या बँडचा भक्त, तो म्हणे हे असंच असते, १९९६ मध्ये 'लोड' आला तेव्हा मेटॅलिकानं केस कापले आणि गाणी पण कापली. सगळे हसले. मी पण हसलो आणि खोलीत येऊन कार्डात जागा कमी होती म्हणून ते छोटे छोटे सहा तुकडे उडवून टाकले. पंधरा फाईलींतली नऊ गाणी ठेवली, त्यातली पण ऐकायचो दोन, 'वेटिंग फॉर द एंड' आणि 'द कॅटलिस्ट'. बाकी परत 'मेटिओरा' झिंदाबाद. तिकडे अमेरिकेत तो अल्बम पहिल्या आठवड्यात २ लाख ४१ हजार खपून एक नंबरवर गेला होता, तरी आमच्या मेसमध्ये तो पडला होता म्हणजे पडला होता.

मग २०१२ ला पास झालो, पुण्याला पाच महिने नोकरी केली, बाबांची तब्येत बिघडली म्हणून घरी आलो आणि इथलाच झालो, ती कहाणी मोठी आहे, या गाण्यात तिचं काम नाही. काम आहे ते डिसेंबरातल्या एका रात्रीचं.

ज्याच्याकडे विहीर आहे त्याला रात्रीची लाईन म्हणजे काय ते सांगायची गरज नाही, ज्याच्याकडे नाही त्याच्यासाठी सांगतो. वावरातल्या मोटरला थ्री फेज लागते, ती एक हप्ता दिवसा मिळायची आणि एक हप्ता रात्री. रात्रीच्या हप्त्यात दहा वाजता लाईन आली की ऑटोवर मोटर आपोआप सुरू होते, हरभऱ्यात स्प्रिंकलर फिरायला लागतात, आणि दर तीन तासांनी मोटर बंद करून पाईप उचलायचे, पुढच्या पट्ट्यात नेऊन परत जोडायचे. ओले पाईप, डिसेंबरची थंडी, जोडताना हमखास एखादी क्लिप निसटते आणि छातीवर पाणी. एकट्याचं काम नाही ते. बाबांना जमत नव्हतं म्हणून माझ्यासोबत मोठेबाबा यायचे, माझ्या बाबांचे मोठे भाऊ, तेव्हा वय अडुसष्ट. काम माझ्याच्यानं व्हायचं, ते नुसते शेकोटीपाशी बसून रानडुकरं अन् रोही, म्हणजे नीलगाई, हाकलायचे, पण माणूस सोबत असणं हेच अर्धं काम असते.

मोठेबाबा म्हणजे आमच्या गावच्या भजन मंडळाची खंजिरी. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांना लहानपणी डोळ्यानं पाहिलेला माणूस, ग्रामगीतेच्या ओव्या बोलता बोलता तोंडातून निघतात, आणि भगवद्गीतेचा अकरावा अध्याय, विश्वरूपदर्शनाचा, पूर्ण पाठ. का पाठ तर म्हणे त्यांच्या गुरुजींनी एकदा पैज लावली होती. शाळा चौथी.

तर त्या आधीच्या हप्त्यात माझा जुना पार्टनर लग्नाला भेटला होता आणि त्यानं माझ्या कार्डात एक फाईल टाकून दिली होती. या अल्बमची एक आवृत्ती अशी निघाली होती की पंधराचे पंधरा तुकडे जोडून एकच सलग ट्रॅक, ४८ मिनिटांच्या जरा आतला. तो म्हणे एकदा ऐक, तू चुकीचं ऐकलं होतं. मी म्हटलं बरं. त्या रात्री पहिली पाळी लावून झाली होती, साडेदहा-पावणेअकरा वाजले असतील, पऱ्हाट्यांची शेकोटी पेटवली होती, आणि मोठेबाबा म्हणे, "लाव ना काही त्या डब्ब्यात, डोळा लागून रायला." इअरफोन दोघांना कसा पुरणार. आमच्याकडे त्यावर उपाय होता, रिकामा गंज, म्हणजे पातेलं. चहाचा गंज आडवा ठेवायचा, फोन त्यात उभा टेकवायचा, आवाज दुप्पट होते. जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, गंज असला तर आवाज जरा खरखरीत येते, पितळेचा असला तर गोल येते. आमचा जर्मनचा होता.

मी ती फाईल लावली. सलग ट्रॅक असल्यानं पुढं ढकलायची सोय म्हणजे बटण दाबून धरायचं आणि वाट पाहत बसायची, आणि हात तर ओले अन् गारठलेले, म्हणून दिलं चालू राहू.

सुरुवात झाली 'द रेक्विएम'नं. लांबून आल्यासारखा एक पातळ आवाज. मोठेबाबा म्हणे, "हे बाई हाय का बुवा?" मी म्हटलं बुवाच असन, मशीन लावलं असन आवाजाले. खरंच ते माइकच्या आवाजावर केलेलं काम आहे. मग ते विरलं आणि एक म्हातारा बोलायला लागला, थकलेला, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखा. माझ्या कार्डातून उडवलेल्या सहातला हा एक. मी दोन वर्षांत एकदाही धड ऐकला नव्हता.

"कोण हाय हा?"

मी सांगितलं. हा ओपनहायमर, यानं अमेरिकेचा अणुबॉम्ब बनवला, १६ जुलै १९४५ ला वाळवंटात पहिला फोडून पाहिला. नंतर वीस वर्षांनी टीव्हीवर त्या दिवसाबद्दल बोलला, ते हे. तो म्हणून राहिला की मला तेव्हा भगवद्गीता आठवली.

मोठेबाबांनी तोंडातली सुपारी थुंकली. "गीता? याले कशी येते गीता?"

शिकला होता, मी म्हटलं, मास्तर ठेवून संस्कृत शिकला होता. मग त्यांनी मला ते तीन-चार वाक्यं परत लावायला लावले. परत म्हणजे फाईल पहिल्यापासून. तो काय म्हणते ते मी मराठीत सांगितलं, की विष्णू अर्जुनाला समजावते, आपलं मोठं रूप दाखवते आणि म्हणते मी मृत्यू आहे, जगाचा नाश करणारा. मोठेबाबा शेकोटीकडे पाहत होते, आणि शांतपणे म्हणे, "चुकला. मरण नाई म्हणत तो. काळ म्हणते. कालोऽस्मि. काळ अन् मरण एक हाय का? मरण येते अन् जाते. काळ बसूनच रायते."

आता मोठ्या मोठ्या लोकांनी यावर लिहिलंय, की त्या बत्तिसाव्या श्लोकात शब्द काळ आहे आणि ओपनहायमरनं मृत्यू म्हटलं. ते मी नंतर वाचलं. पहिल्यांदा ऐकलं ते हरभऱ्याच्या धुऱ्यावर.

मग मी त्यांना अल्बमचं नाव सांगितलं, हजार सूर्य. त्यावर तर ते हसलेच. म्हणे ते पण तिथलंच, बारावा श्लोक, आणि डोळे मिटून म्हणायला लागले, "दिवि सूर्यसहस्रस्य," पूर्ण श्लोक, की आकाशात एकदम हजार सूर्य उगवले तर जो उजेड पडन तो कदाचित त्याच्या तेजासारखा असन. गंजात अमेरिकेचं गाणं वाजून राहिलं, स्प्रिंकलर टिकटिक टिकटिक फिरून राहिले, आणि हा माणूस मफलर बांधून श्लोक म्हणून राहिला, आणि दोन्हींचं एकमेकांशी भांडण नव्हतं. मले तर काही सुचेच ना.

पुढं 'व्हेन दे कम फॉर मी' आलं. हे पूर्ण ढोलांवर उभं आहे, गिटार शोधून सापडत नाही, नुसते दणादण ढोल आणि वरून माइकचं रॅप. हॉस्टेलमध्ये मी याला कचरा म्हटलं होतं. मोठेबाबांची बोटं डिझेलच्या प्लास्टिक कॅनवर चालायला लागली होती. दोन आवर्तनं चुकली, तिसऱ्याला सापडलं. "हे तं आपलं डफडं हाय बे," म्हणे, "याले रॉक म्हणते का?" काय सांगता, मला हेच दोन वर्षं समजलं नव्हतं. मी धुमालवर नाचत मोठा झालो, आणि त्या बँडनं माझ्या गावासारखे ढोल वाजवले तर मी म्हटलं हे इंग्रजी गाणं नव्हे.

मग 'होर्नादा देल मुएर्तो' येते, हे त्या वाळवंटाचं नाव जिथं तो बॉम्ब फोडला, आणि त्यात जपानी शब्द गायले आहेत. जपानी म्हटल्याबरोबर त्यांनी मान हलवली की हो, महाराज १९५५ ला जपानला गेले होते विश्वधर्म परिषदेला, खंजिरी घेऊन. त्यांच्या हिशोबात जपान म्हणजे एवढंच, आणि आता त्यात हे एक जमा झालं.

खरी गोष्ट इथून पुढं आहे. 'रेचेस अँड किंग्ज' सुरू झालं, त्याच्या तोंडाशी १९६४ सालचं बर्कलेतल्या मारिओ सॅव्हिओ नावाच्या विद्यार्थ्याचं भाषण आहे, की हे यंत्र इतकं किळसवाणं झालं की त्याच्या चाकांवर अंग टाकून ते थांबवावं लागते. आणि त्या गाण्याच्या मध्यात कुठंतरी आमची एक फेज गेली. मोटर हुंकारली, ऑटोनं सोडली, आणि स्प्रिंकलर एकेक करून थकत खाली बसले. मी उठलो, स्टार्टरपाशी जाऊन बल्ब पाहिले, दोन पेटले, एक नाही. म्हणजे डीपीवरचा डीओ, तो फ्यूज, उडाला असन, आता सकाळपर्यंत जयराम. इतर दिवशी मी शिव्या देत बसलो असतो. परत आलो तर मोटर बंद झाल्यामुळं पहिल्यांदा गंजातलं सगळं बारीक बारीक ऐकायला येऊन राहिलं होतं.

त्यानंतर मार्टिन ल्यूथर किंग बोलतात, १९६७ चं व्हिएतनाम युद्धाच्या विरोधातलं भाषण, आणि बोलता बोलता त्यांचा आवाज हळूहळू माणसाचा राहत नाही, खाली खाली जात राक्षसासारखा, यंत्रासारखा होते. अंधारात ऐकून पाहा एकदा. मोठेबाबांनी घोंगडं वर ओढलं. मग लगेच 'इरिडेसंट', एकदम मऊ, नुसता पियानो. मग 'फॉलआउट', आणि इथं माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. 'फॉलआउट'मधले शब्द तेच आहेत जे तिसऱ्या नंबरच्या 'बर्निंग इन द स्काइज'मध्ये येऊन गेले, फक्त आता यंत्राच्या आवाजात. आणि 'द रेक्विएम'मधला तो पातळ आवाज जे म्हणत होता ते चौदाव्या 'द कॅटलिस्ट'मध्ये चेस्टर छाती फोडून म्हणते. हे तर ध्रुपद आहे! भजनात कसं, एक ओळ सुरुवातीला हळू धरतात, मध्ये कडवी येऊन जातात, आणि शेवटाकडे तीच ओळ टाळ-खंजिरीच्या धडाक्यात परत येते. मी ध्रुपद कापून फेकलं होतं, कडवी इकडची तिकडं केली होती, आणि वरून म्हणत होतो चाल बिघडली.

हे मी मोठेबाबांना सांगितलं, जोशात. ते म्हणे, "मंग? तुले काय वाटलं, लोकं उगाच गाते?"

शेवटी 'द मेसेंजर'. सगळं आवरून नुसती लाकडी गिटार आणि चेस्टर, आणि तो इथं पण ओरडतेच, पण घसा फाटेपर्यंत, गोड दिसायची काही तमा न बाळगता. ते संपलं तेव्हा शेकोटीत निखारे राहिले होते आणि विहिरीच्या पलीकडं रोह्यांचा कळप हरभऱ्यात उतरला होता, चांगले सात-आठ, आणि आम्हा दोघांचं लक्षच नव्हतं. पाव एकर खाल्ला त्यांनी त्या रात्री. घरी सांगितलं की डीओ शोधायला गेलो होतो.

त्यानंतर मी शहाणा झालो असं कोणाला वाटत असेल तर तसं काही नाही. २०१७ च्या मे मध्ये 'वन मोर लाइट' आला, पूर्ण पॉप, गिटार तर अगदी चटणीसारखी ताटाच्या कडेला. मी परत तेच केलं. हॉस्टेलच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं की आता यांना वरातीत बोलवा. सगळ्यांनी हसायचे तोंड टाकले. दोन महिन्यांनी, जुलैची २१ तारीख, मी कपाशीत डवरा धरला होता, फोन खिशात थरथरून राहिला, बैल थांबवून पाहिलं तर त्याच ग्रुपवर बातमी. चेस्टर गेला. माझा तो जोक जरा वर सरकवला की दिसत होता. तो मी डिलीट करायला गेलो तर तेव्हा ती सोय पण नव्हती.

मोठेबाबांचं पण ऐकून ठेवा, नाहीतर वाटेल की ते काही संत आहेत. २०१६ मध्ये मंडळातल्या पोट्ट्यांनी वर्गणी करून ऑक्टोपॅड आणला. मोठेबाबा उठून मागं जाऊन बसले. म्हणे, "ज्याले करंट लागते ते वाद्य नोय." दोन महिने खंजिरी घरी खुंटीला. मी त्यांना गाठलं की त्या रात्री कॅनवर बोटं नाचवत होते ते ढोल काय चामड्याचे होते सगळे? तिथं चालते आणि इथं नाही, हे कसं? त्यावर ते म्हणे, "ते त्यायचं भजन हाय. त्यायनं त्यायच्या भजनात काहीही वाजवावं. आपल्या भजनात नाई." हे बरोबर की चूक ते मला आजही ठरवता येत नाही. माझं डोकं म्हणते चूक, आणि ऑक्टोपॅडवरचं भजन कानावर पडलं की मन म्हणते बुढा बरोबर होता. मंडळानं शेवटी तोड काढली, काकड्याला खंजिरी आणि मिरवणुकीला ऑक्टोपॅड.

आता पुतण्याच्या प्रश्नाकडं. 'फ्रॉम झीरो'ची गंमत अशी की २०१० मध्ये माणसं तीच होती आणि आवाज बदलला होता, आता गाणारी नवीन आहे, एमिली आर्मस्ट्राँग, ड्रमवर पण नवीन माणूस, आणि आवाज मात्र जुन्या घरी परत आल्यासारखा, तीच खालची गिटार, तेच रॅप आणि मग किंकाळी. नावात पण तेच, बँडचं पहिलं नाव झीरोच होतं, फक्त एक्सनं लिहायचे. मला आवडला का? आवडला. बाई ताकदीनं गाते. पण खरं सांगू, मला त्यात एकही जागा अशी सापडली नाही जिथं मी म्हणालो की हे काय लावून ठेवलं यांनी. 'अ थाउजंड सन्स'नं मला शिव्या द्यायला लावल्या होत्या, यानं नाही लावल्या. पुतण्याला हे सांगितलं तर तो म्हणते मग चांगलंच आहे की. असन.

तो दिवाळीला आला होता. आता आमच्याकडं सोलर पंप बसला आहे, रात्रीच्या लाईनचं झंझट गेलं, मोटर दिवसा एकाच सूर्यावर आरामात चालते. स्प्रिंकलर लावून आम्ही तिघं बांधावर बसलो होतो, मोठेबाबांना आता कमी ऐकू येते म्हणून पोट्ट्यानं ब्लूटूथचा स्पीकर त्यांच्या अगदी कानापाशी धरला आणि 'फ्रॉम झीरो' लावला, शफलवर. मी म्हटलं ते शफल बंद कर आधी. तो म्हणे काका, आता सलग कोण ऐकते. मोठेबाबांनी मान तिरपी करून बराच वेळ ऐकलं, मग मला म्हणे,

"या टायमाले खरंच बाई हाय ना?"

मी म्हटलं हो, या टायमाले खरंच.

"मंग ठीक हाय," म्हणे, "तो तिसरा नोझल बंद दिसते, पाय जरा."